राऊथ, नायक्विस्ट आणि दुतोंड्या मारुती

यंत्राकडून काय हवे आहे आणि यंत्र प्रत्यक्षात काय करते आहे यांतील तफावत मोजून, ती कमी होईल अशा बेताने यंत्राला पुन्हा पुन्हा कामाला लावण्याचे शास्त्र म्हणजे नियंत्रण प्रणाली, आणि हे मोजमाप परत आत पाठवण्याच्या क्रियेला फीडबॅक अथवा प्रतिभरण म्हणतात, एवढे सांगून झाले की विषयाचे तत्त्वज्ञान संपते व गणित सुरू होते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ पॅटर्नमध्ये हा विषय इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार शाखेच्या दुसऱ्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात येतो. म्हणजे गंगापूर रोड, आडगाव आणि त्र्यंबक रोड या नाशिकच्या तिन्ही अंगांना असलेल्या महाविद्यालयांत तो साधारण द्राक्षांच्या हंगामात शिकवला जातो आणि ऊन तापू लागल्यावर त्याची परीक्षा होते. विषयाचा सगळा जीव अस्थैर्यात आहे. एखादी यंत्रणा हेलकावे का खाते, ते हेलकावे विरतात केव्हा आणि वाढत जाऊन यंत्रणेचा निकाल लावतात केव्हा, हा त्याचा एकमेव प्रश्न होय. असे असताना हा विषय ज्या व्यवस्थेतून शिकवला जातो ती व्यवस्था नाशिक जिल्ह्यातील सर्वाधिक स्थिर यंत्रणा असावी, हे निरीक्षण ग्रंथांत आढळत नसले तरी त्यात तथ्य आहे.

स्थैर्याची एक कसोटी अशी की, बाहेरून धक्का दिला तरी यंत्रणेचे फलित थोडे हलून पुन्हा मूळ जागी यावे. अशा धक्क्याला विक्षेप म्हणतात आणि तो पचवण्याच्या गुणाला विक्षेपनिवारण. वर्गाला विद्यापीठाकडून ठरावीक काळाने असे विक्षेप मिळतात. २०१२, २०१५, २०१९ आणि नव्या शैक्षणिक धोरणानंतरचा २०२४, अशी पॅटर्नची माळ आहे. दर पॅटर्नला कार्यशाळा होते, तीत चर्चा होते, जेवण होते, प्रकरणांचे क्रमांक इकडचे तिकडे होतात, एखादे प्रकरण दुसऱ्या सत्रात ढकलले जाते, आणि मार्च उजाडेपर्यंत फळ्यावर तेच गणित येऊन बसते. पुण्याच्या आप्पा बळवंत चौकातून येणाऱ्या मार्गदर्शिकांच्या मुखपृष्ठावर 'नवीन पॅटर्ननुसार' असा गोल शिक्का झळकतो व आत जुनीच उदाहरणे नव्या क्रमांकांनी नांदतात. इतके उत्तम विक्षेपनिवारण साखर कारखान्याच्या बॉयलरलाही साधत नाही.

हे कसे साधते याचा उलगडा खुद्द अभ्यासक्रमातच आहे. १९२२ साली निकोलस मिनोर्स्की यांनी जहाजाच्या सुकाणूवरील कर्णधाराचे बारकाईने निरीक्षण करून जे सूत्र मांडले, ते आज पीआयडी नियंत्रक या नावाने बहुतेक कारखान्यांत वापरले जाते. त्याचे तीन भाग असतात: पहिला या क्षणी तफावत किती आहे एवढेच पाहतो, दुसरा आजवरच्या तफावतींची बेरीज करत राहतो, आणि तिसरा तफावत कोणत्या वेगाने बदलते आहे यावरून पुढे काय वाढून ठेवले आहे याचा अंदाज बांधतो. वर्गात पहिल्या भागाचे काम प्राध्यापक करतात. जेवणाच्या सुट्टीनंतरच्या तासाला चेहऱ्यांवर जेवढी तफावत दिसते तेवढा आवाज चढवणे, हे त्यांच्या हाती असते. दुसऱ्या भागाचे काम मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका करतात. गतकाळाची सगळी बेरीज त्यांच्यात साठलेली असल्यामुळे शिल्लक तफावत शेवटी शून्यावर आणण्याची, म्हणजे विद्यार्थ्याला चाळिसाच्या पलीकडे पोचवण्याची, खरी ताकद त्यांचीच असते. हे काम पहिला भाग एकटा करू शकत नाही, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात सिद्धतेसह दिलेली आहे आणि प्राध्यापकांनी ती मनाला लावून घेऊ नये. तिसरा भाग म्हणजे 'आयएमपी', अर्थात येणारच अशी खात्री असलेल्या प्रश्नांची यादी. अंदाज बांधणाऱ्या या भागाचा शास्त्रोक्त दोष असा की, तो खऱ्या संकेताबरोबर खरखरही तितक्याच उत्साहाने वाढवतो. परीक्षेच्या आदल्या रात्री अकरा वाजता व्हॉट्सॲपवर फिरणारे 'पेपर सेटर बाहेरचा आहे' हे वृत्त या दोषाचे नमुनेदार उदाहरण ठरते. बेरीज करणाऱ्या भागालाही एक व्याधी आहे, तिला वाइंडअप म्हणतात: यंत्रणा आपल्या कमाल मर्यादेला टेकलेली असताना बेरीज मात्र वाढतच राहते व नंतर ती उतरवताना यंत्रणेच्या नाकी नऊ येतात. दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिकांची झेरॉक्स एका रात्रीपुरती जवळ बाळगणाऱ्या विद्यार्थ्याची सकाळची मुद्रा पाहिली असता ही संकल्पना वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

या सर्व व्यवस्थेचा आराध्यपुरुष एडवर्ड जॉन राऊथ. समीकरण न सोडवता, केवळ त्याचे सहगुणक दोन ओळींत मांडून व खाली आडवे-तिरपे गुणाकार करत जाऊन, यंत्रणा स्थिर आहे की नाही हे सांगणारे कोष्टक त्यांनी दिले, आणि त्यापायी पिढ्यान्‌पिढ्यांचे आशीर्वाद मिळवले. केंब्रिजच्या १८५४च्या गणित परीक्षेत राऊथ पहिले, म्हणजे सीनियर रँगलर, आले आणि दुसरे आले जेम्स क्लार्क मॅक्सवेल. हीच पदवी १८९९ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी मिळवल्यापासून मराठी घरांत 'रँगलर' हा शब्द आडनावाआधी लावण्याची चाल पडली, तेव्हा राऊथ यांना रँगलर राऊथ म्हणण्यास हरकत नसावी. पुढे मॅक्सवेल यांनी विद्युतचुंबकत्वाची समीकरणे लिहिली आणि राऊथ यांनी क्लास काढला. यात अतिशयोक्ती नाही. परीक्षेची तयारी करून घेणारे खासगी शिक्षक म्हणून त्यांनी सुमारे तीन दशकांत सहाशेहून अधिक विद्यार्थी घडवले, आणि १८९७ साली इलेक्ट्रॉन शोधणारे जे. जे. थॉमसन हेही त्यांच्याच क्लासचे. त्या काळी फ्लेक्सची सोय असती तर पीटरहाउसच्या कोपऱ्यावर यशवंतांच्या गोल छायाचित्रांचा केवढा फलक लागला असता, याची कल्पना कॉलेज रोडवरून जाणाऱ्या कोणाही नाशिककरास करता येईल. वाफेच्या इंजिनाचा वेग राखणारे गव्हर्नर कधी कधी हेलकावे का खाऊ लागतात याचे गणित मॅक्सवेल यांनी १८६८ साली मांडले, परंतु तिसऱ्या घाताच्या पुढचा सर्वसामान्य प्रश्न त्यांच्याकडून सुटला नाही. तो राऊथ यांनी सोडवला व १८७७चे ॲडम्स पारितोषिक मिळवले. क्लासवाल्याने प्राध्यापकाचे अडलेले गणित सोडवल्याची ही शास्त्राच्या इतिहासातील ठळक नोंद आहे, आणि ती कोणत्याही क्लासच्या जाहिरातीत अद्याप आलेली नाही, याचे नवल वाटते.

कोष्टक चालते कसे, हे एका उदाहरणावरून पाहता येते. एस घन, अधिक दोन एस वर्ग, अधिक तीन एस, अधिक के, या बहुपदीत के ही यंत्रणेची वर्धनक्षमता, म्हणजे तफावत दिसताच किती जोराने प्रतिकार करायचा त्याचे माप, असे मानले जाते. कोष्टक मांडताच तिसऱ्या ओळीत सहा वजा के भागिले दोन असे पद येते, आणि पहिल्या स्तंभात चिन्ह बदलता कामा नये या अटीवरून के हा शून्याहून मोठा व सहाहून लहान असावा, हे दोन मिनिटांत निघते. के बरोबर सहा झाला की ती ओळ शून्य होते, साहाय्यक समीकरण घ्यावे लागते, आणि यंत्रणा सेकंदाला १.७३२ रेडियन या गतीने अखंड झुलत राहते. विद्यार्थी उत्तराभोवती चौकट काढतो, 'सिस्टिम इज मार्जिनली स्टेबल' असे लिहितो आणि पुढच्या गणिताकडे वळतो. झुलत राहिले ते नेमके काय, हे कोणी विचारत नाही. विचारले तर सात गुणांच्या गणिताला आणखी गुण मिळत नाहीत. तपासनिसालाही कोष्टक प्रिय आहे, कारण ओळीगणिक गुण देता येतात, उत्तर एका नजरेत दिसते आणि वाद उद्भवत नाही.

याच्या नेमके उलट नशीब हॅरी नायक्विस्ट यांच्या वाट्याला आले. स्वीडनमध्ये जन्मलेल्या व अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत काम करणाऱ्या या गृहस्थांनी १९३२ साली, लांब पल्ल्याच्या टेलिफोनचे प्रवर्धक प्रतिभरण जोडताच मधूनच किंचाळू का लागतात, याचे उत्तर शोधले. निरनिराळ्या वारंवारतांचे संकेत यंत्रणेतून फिरवून आणल्यावर ते किती मोठे होऊन व किती मागे पडून परततात याची आकृती काढावी, आणि ती वजा एक या बिंदूला किती वेढे घालते ते मोजावे, असा त्यांचा निकष आहे. समीकरण हाती नसले तरी केवळ मोजमापांवरून तो वापरता येतो, एवढी त्याची थोरवी. परंतु वेढे घड्याळाच्या दिशेने मोजायचे की उलट, अनंतावरचे वर्तुळ कोणत्या बाजूने मिटवायचे, आणि उत्तर चुकल्यास ते कोठे चुकले, या तिन्ही बाबतींत विद्यार्थी व तपासनीस यांचे मतैक्य होईल अशी खात्री नसते. प्रश्नपत्रिकेत प्रत्येक घटकावर दोन प्रश्न असून त्यांपैकी एक सोडवायचा असल्यामुळे, बोडे आकृतीचे सरळ गणित असलेला प्रश्न धरला जातो आणि नायक्विस्ट ऑप्शनला पडतो. 'नायक्विस्ट ऑप्शनला टाकला' हे वाक्य फेब्रुवारीच्या अखेरीस कँटीनमध्ये ज्या निर्धास्तपणे उच्चारले जाते, त्या निर्धास्तपणातच या लेखाचे प्रयोजन दडलेले आहे. कारण नाशिक जिल्हा राऊथच्या कोष्टकात बसत नाही.

बसत नाही याचे कारण उशीर. क्रिया आज करावी आणि तिचा परिणाम काही काळ मुळीच दिसू नये, मग एकदम दिसावा, अशा निव्वळ विलंबाला नियंत्रणशास्त्रात मृतकाळ म्हणतात. असा मृतकाळ गणितात घातांकी पदाच्या रूपाने येतो, समीकरण बहुपदी राहत नाही, आणि राऊथचे कोष्टक मांडायला सहगुणकच उरत नाहीत. अंदाजी बहुपदी बसवून वेळ मारून नेता येते, पण मृतकाळाला सरळ भिडण्याची सोय नायक्विस्टच्या आकृतीत आहे. आणि मृतकाळ म्हणजे काय हे नाशिककराला पावसाळ्यात कोणी शिकवावे लागत नाही. शहराच्या वरच्या अंगाला गंगापूरचे मातीचे धरण आहे. तेथून क्युसेकच्या हिशेबाने विसर्ग सुटतो आणि ते पाणी रामकुंडावर यायला वेळ लागतो. पाणी किती आले याचे शहरातील सर्वमान्य मोजमापयंत्र म्हणजे नदीपात्राकाठचा दुतोंड्या मारुती. पाणी पायांना लागले, गुडघ्यांवर आले, कमरेला आले, छातीला आले, अशा ठरावीक पायऱ्यांनी त्याचे वाचन होते, आणि त्यावरून सराफ बाजारातील दुकानदार माल वरच्या मजल्यावर हलवायचा की चहा मागवायचा याचा निर्णय करतात. संवेदक म्हणून या मूर्तीचे गुणदोष अभ्यासण्याजोगे आहेत: देखभाल शून्य, वीज लागत नाही, वाचन गर्दीतूनही करता येते, मात्र पाणी डोक्यावरून गेले की पुढचे सर्व पूर तिला सारखेच. या दोषाला संतृप्ती म्हणतात, आणि ऑगस्ट २०१६ व ऑगस्ट २०१९च्या पुरांत तो सर्वांच्या प्रत्ययास आला. परंतु मुख्य मुद्दा वेगळा आहे. मारुतीच्या कमरेचे पाणी हे धरणावर या क्षणी काय चालले आहे ते सांगत नसून मघाशी काय झाले ते सांगते. त्याकडे पाहून आता दरवाजे खाली घेतले तरी वाटेत असलेले पाणी शहरात यायचेच. म्हणून पाटबंधारे खात्याला पाणलोटातला पाऊस पाहून आधीच हिशेब करावा लागतो, म्हणजे मृतकाळ असलेल्या यंत्रणेत जे करायला पाठ्यपुस्तक सांगते तेच. (हेच पाणी पुढे जायकवाडीला किती जावे, या वादात शिरणे या लेखाच्या कक्षेबाहेरचे व लेखकाच्या प्रकृतीस न मानवणारे आहे.)

तथापि मृतकाळाचे खरे विद्यापीठ लासलगावच्या कांदा बाजारात आहे. कांद्याचे बी रोपवाटिकेत टाकल्यापासून कांदा काढणीला येईपर्यंत साडेचार-पाच महिने जातात. शेतकरी आजचा भाव पाहून लागवड ठरवतो, पण त्याचा माल लिलावात उतरतो तो पाच महिन्यांनंतरच्या भावाला. भाव चढला म्हणून सर्वांनी लागवड वाढवली की आवक वाढून भाव कोसळतो, तो पाहून सर्व जण हात आखडतात आणि पुढच्या खेपेला टंचाई होते. भाव वाढल्यास आवक वाढून भाव खाली यावा, हे प्रतिभरण कागदावर ऋण, म्हणजे तफावत मिटवणारे आहे. परंतु ऋण प्रतिभरण अर्धे आवर्तन उशिरा पोचले की ते धन होते, म्हणजे जे दाबायला पाठवले तेच उचलून धरते. कला १८० अंशांनी मागे पडणे असे जे पुस्तकात लिहिले असते, त्याचा अर्थ एवढाच. अर्थशास्त्रात या प्रकाराला निकोलस काल्डोर यांनी १९३४ साली कोळिष्टकाचे नाव दिले, कारण भाव व पुरवठा यांचा आलेख काढल्यास तो जाळ्यासारखा गुंतत जातो. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने राखता येतो, त्यामुळे चाळ ही या यंत्रणेतील हेलकावे शोषून घेणारी टाकी ठरते. मात्र ती सडते, भिजते व वजनात घटते, हे अवगुण पुस्तकातल्या धारित्रात नसतात.

या झुलत्या यंत्रणेला बाहेरून जे नियंत्रण लाभते ते पीआयडी जातीचे नाही. त्याला चालू-बंद नियंत्रण म्हणतात: एक मर्यादा ओलांडली की खटका पूर्ण खाली, दुसरी ओलांडली की पूर्ण वर, मधले काही नाही. १४ सप्टेंबर २०२० रोजी कांद्याची निर्यात बंद झाली, १ जानेवारी २०२१ पासून खुली झाली. ऑगस्ट २०२३मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागले, ८ डिसेंबर २०२३ला पुन्हा बंदी आली, मे २०२४मध्ये ती उठली, सप्टेंबरात शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही गेले. खटक्याच्या अशा नियंत्रणातून, आणि त्यात मृतकाळ मिसळला असता विशेषेकरून, ठरावीक उंचीचे अखंड हेलकावे निर्माण होतात व त्यांना मर्यादा-आवर्तन म्हणतात, हे शास्त्राने केव्हाच दाखवून दिले आहे. निर्णय योग्य की अयोग्य हा प्रश्न येथे अप्रस्तुत. येथे प्रस्तुत आहे तो निफाड, चांदवड किंवा येवल्याहून एसटीने येणारा विद्यार्थी, ज्याच्या घरी ही आवर्तने जेवताना चर्चिली जातात, ज्याची फी भरण्याची तारीख त्या हेलकाव्याच्या कोणत्या टोकाला येईल यावर त्याच्या वडिलांची झोप अवलंबून असते, आणि जो तोंडी परीक्षेत 'विलंब असलेल्या यंत्रणेचे उदाहरण द्या' असे विचारले असता क्षणभर छताकडे पाहून 'सर, केमिकल रिॲक्टर' असे उत्तर देतो. रासायनिक भट्टी त्याने पाहिलेली नसते. पण मार्गदर्शिकेत उदाहरण तेच असते, आणि कांदा हा विषयाबाहेरचा समजला जातो.

बोडे आकृतीबद्दल थोडक्यात सांगता येईल. हेन्ड्रिक बोडे हेही बेल प्रयोगशाळेचेच. त्यांची आकृती सेमीलॉग कागदावर काढतात, ज्याच्या आडव्या अक्षावरील घरे डावीकडून उजवीकडे दाटत जातात व पुन्हा सैल होतात. महाविद्यालयाच्या दारातल्या झेरॉक्सवाल्यास या कागदाचे गणित प्राध्यापकांइतकेच ठाऊक असते, कारण तो वर्षातून एकदाच खपतो. दरवर्षी कोणी तरी या अक्षावर शून्य कोठे आहे ते विचारतो. लघुगणकी अक्षावर शून्य कितीही डावीकडे गेले तरी येत नाही, हे ऐकून तो जो चेहरा करतो तो खरा जिज्ञासूचा असतो, पण तोवर तास संपतो.

प्रयोगशाळेत मात्र विषय अधूनमधून जिवंत होतो, आणि तो रोखण्याचे उपायही तेथेच सापडतात. द्वितीय क्रमाच्या यंत्रणेचा प्रतिसाद पाहण्याचा सोपा प्रयोग असा: दहा मिलिहेन्रीचे वेटोळे, ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि एक रोध ब्रेडबोर्डवर एकामागे एक जोडावेत, फंक्शन जनरेटरवरून चौकोनी तरंग द्यावा व कपॅसिटरच्या दोन टोकांवरचा दाब सीआरओवर पाहावा. रोध दोन किलोओहम असला तर तरंग गुमान वर चढून थांबतो. तो दोनशे ओहम केला की काठावरून उसळी मारून घंटेसारखा थरथरत राहतो, उसळी साठ टक्क्यांच्या घरात जाते, आणि शेवटच्या बाकावरून पुढे येऊन कोणी तरी नॉब पुन्हा पुन्हा फिरवू लागते. नियंत्रण प्रणाली या विषयाची सगळी थोरवी त्या हिरव्या रेघेत असते. मग रोध एक किलोओहम ठेवून वाचन घ्यायचे असते. अवमंदन गुणोत्तर, म्हणजे हेलकावे किती लवकर विरतात याचे माप, आता ०.५ येते, आणि सूत्रानुसार उसळी १६.३ टक्के हवी. पडद्यावर ती बारा-तेरा टक्केच दिसते. कारण उघड आहे: जनरेटरला स्वतःचा पन्नास ओहमचा रोध असतो, वेटोळ्याच्या तारेलाही जवळपास तेवढाच असतो, ते दोन्ही मिळून यंत्रणेला जरा जास्त आवरतात, आणि ते हिशेबात धरले तर गणित व पडदा यांचे बरोबर जुळते. या तीन-चार टक्क्यांच्या फरकात शिकण्यासारखे जेवढे आहे तेवढे अख्ख्या प्रकरणात नाही. जर्नलमध्ये मात्र १६.३ असेच लिहिले जाते, दशांशासह, कारण गेल्या वर्षीच्या जर्नलमध्ये तेच होते, आणि प्रत्यक्ष वाचन लिहिणाऱ्यास 'सर्किट नीट लावलं नाहीस का?' असा प्रश्न येण्याचा धोका असतो. तफावत मोजण्याच्या शास्त्रात तफावत खोडून सबमिशन पूर्ण करण्याची ही रीत, यंत्रणेत संवेदक काढून त्या जागी हव्या त्या आकड्याची चिठ्ठी डकवण्यासारखी असली, तरी टर्मवर्कचे पूर्ण गुण तिलाच मिळतात.

अस्थैर्य हे केवळ टाळायचे संकट आहे, ही समजूतही कोष्टकामुळेच घट्ट होते. पहिल्या स्तंभात चिन्ह बदलले, यंत्रणा अस्थिर, चौकट, पुढचे गणित. याच वेळी शहराच्या ईशान्येस ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात, जेथे पूर्वी मिग व नंतर सुखोई जुळवली गेली, तेथे ऑक्टोबर २०२५ पासून तेजसच्या जुळणीची तिसरी शृंखला सुरू झाली आहे, आणि तेजस हे मुद्दाम अस्थिर बनवलेले विमान आहे. चपळपणे वळता यावे म्हणून त्याचे स्थैर्य काढून घेतलेले असते; वैमानिकाच्या हाताखालचे संगणक सेकंदातून कितीतरी वेळा त्याला सावरत राहतात म्हणून ते सरळ उडते. प्रतिभरण काढले तर माणसाला ते हाताळता येणार नाही. परीक्षेच्या दिवसांत आकाशातून असा आवाज गेला की पर्यवेक्षक खिडकीकडे पाहतात, खाली उत्तरपत्रिकांवर 'अस्थिर, म्हणून निरुपयोगी' असे निष्कर्ष लिहिले जात असतात, आणि दोहोंचे एकमेकांवाचून काही अडत नाही.

आता राहिला प्रश्न खुद्द वर्गातील प्रतिभरणाचा. १३ जून २०१४ रोजी भारत वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य झाल्यापासून मूल्यांकनाच्या कामाला जोर आला असून, प्रत्येक विषयाची अध्ययनफलिते ठरवणे, ती किती साध्य झाली ते आकड्यांत मांडणे व त्यावरून सुधारणा करणे, म्हणजे कागदोपत्री एक संपूर्ण बंद चक्र, प्राध्यापकांना चालवावे लागते. हेतू उत्तम आहे, आणि ज्याने कोणी तो योजला त्यास नियंत्रणशास्त्र येत असले पाहिजे. व्यवहारात विद्यार्थ्यांचा फीडबॅक फॉर्म एखाद्या दुपारी प्रयोगशाळेतल्या संगणकांवर भरून घेतला जातो, फॉर्म भरल्याशिवाय हॉल तिकीट मिळणार नाही अशी सूचना गटावर फिरते, आणि तासाभरात सर्व विषयांना, सर्व प्राध्यापकांना, ग्रंथालयाला व पिण्याच्या पाण्याला पाचपैकी पाच गुण मिळतात. ज्या संवेदकाचा काटा शेवटच्या खुणेवर कायमचा टेकलेला आहे त्याच्या आधारे सुधारणा करण्याची जबाबदारी मग एक्सेलच्या तक्त्यावर येते, आणि एक्सेल ती रात्री साडेअकरापर्यंत पार पाडते.

खरी मोजमापे नाहीत असे नाही. तासाला मान डोलावणारे किती जण त्याच वेळी मोबाइलवर दुसऱ्या विषयाचे सबमिशन उतरवत आहेत, 'समजलं का?' या प्रश्नावरची शांतता कोणत्या जातीची आहे, हे अनुभवी प्राध्यापकास पाहताक्षणी कळते. परंतु ते कळून उपयोग करायचा तर नायक्विस्टवर आणखी दोन तास द्यावे लागतात, आणि ते दोन तास इनसेम परीक्षेच्या पर्यवेक्षणात, एका औद्योगिक भेटीच्या परवानगीपत्रात व वार्षिक स्नेहसंमेलनात आधीच खर्ची पडलेले असतात. एकंदरीत विद्यार्थ्यांना काय आले नाही याची अधिकृत बातमी निकालासोबतच येते. तोवर पुढचे सत्र सुरू झालेले असते. उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत त्याहूनही उशिरा हाती पडते आणि ती घेऊन विद्यार्थी स्टाफरूममध्ये येतो, तेव्हा वर्कलोडच्या सोयीने त्याच प्राध्यापकांना अगदीच वेगळा विषय मिळालेला असतो, तरीही ते चष्मा कपाळावरून खाली घेतात, पाने उलटतात आणि अनुभवाने आलेल्या मायेने सांगतात, "हे राऊथचं आहे ना, दोन मार्क कमी दिलेत, रीव्हॅल्युएशनला टाक. ते नायक्विस्टचं राहू दे, त्यात काय होईल सांगता येत नाही."